माहुलीवरून मागचं दार

आत्याच्या सोवळ्याच्या गाठोड्यात मी माझे नवे जोडे बांधले होते, आणि ही गोष्ट वाशिंद स्टेशनावर उतरेपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हती, मलासुद्धा नाही. झालं असं, की निघायच्या दिवशी पहाटे माझा आरसा सापडेना. मुंबईहून आणलेला, तळहातापेक्षा थोडा मोठा, पितळी चौकटीचा आरसा होता तो, आणि त्या वयात त्याच्याशिवाय मला पागोटं बांधता येत नसे. माळा पाहिला, कोनाडे पाहिले, चार वेळा ‘माझा आरसा कोणी घेतला?’ म्हणून घर डोक्यावर घेतलं. कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी वाकडं पागोटं तसंच ठेवून, धुळीनं खराब होऊ नयेत म्हणून नवे जोडे हाताला लागलेल्या पहिल्या गाठोड्यात कोंबले आणि आगगाडी गाठली. वाशिंदला झाडाखाली बसून आत्यानं गाठोडं सोडलं, तर तिच्या धुतल्या लोकरी धाबळीवर, तांदळाच्या पुरचुंडीशेजारी, दोन चामडी जोडे नव्या जोडप्यासारखे एकमेकांना टेकून बसलेले. तिला एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, दुसऱ्यानं धूसर दिसे. तिनं वाकून, नाक जवळ नेऊन पाहिलं. मग शांतपणे मला विचारलं, “दामू, हे तसेच भाजायचे, की आधी भिजत घालायचे?”

सोवळं गेलं म्हणजे तिचा स्वयंपाक गेला. दुसऱ्याच्या हातचं ती खात नसे आणि विटाळलेल्या धाबळीत चुलीपाशी बसत नसे. मी गयावया करून म्हटलं, की परत जाऊ. पाठीमागे कल्याणची गाडी होतीच. “परत गेले तर पुन्हा यायची नाही मी,” ती म्हणाली, “आणि पुन्हा आले तर काय बघायला येऊ? महादेवाला उपासच आवडतो.” दुसऱ्या फडक्यात लाह्या होत्या, गूळ होता, थोडा खजूर होता. तेवढ्यावर ती माहुली चढायला निघाली. विटाळलेले तांदूळ माझ्या वाट्याला आले. ते शिजवणं हा त्या प्रवासातला दुसरा उपास होता, पण तो माझा; कारण मी शिजवलेलं मलाच खाववेना.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, बयोआत्या. लग्नानंतर दोन पावसाळेही धड न होता ती विधवा होऊन कल्याणला माहेरी आली आणि आमच्या घरात मुरली. मला तिनंच वाढवलं. तात्या, म्हणजे माझे वडील, ठाण्याच्या कचेरीत. आई सदा लेकुरवाळी. त्यामुळे पहाटे जात्याची घरघर, ताक घुसळल्याचा आवाज, तव्यावर भाकरी टाकली की होणारा ‘थप्’ असा हलका चपराकीसारखा नाद, हे सगळं माझ्या कानात आत्याच्या नावानंच जमा आहे. आमच्या घराचं मागचं दार ईशान्येला होतं. तिथून परस, विहीर, विहिरीपलीकडे शेतं, आणि पार टोकाला निळा माहुली. पुढच्या दारानं आत्या फारशी गेलीच नाही. आलवणातल्या बाईनं सकाळी पुढच्या दारात उभं राहू नये, कामाला जाणाऱ्याला अपशकुन होतो, असं त्या काळी मानत. म्हणून तिची सगळी दुनिया मागच्या दाराला लागलेली. माहुलीनं ढगाची टोपी घातली की ती वाळवण आत घ्यायला सांगे. माहुली जवळ आल्यासारखा दिसला की म्हणे, दोन दिवसांत वारा फिरणार. आणि मी अगदी लहान असल्यापासून, दर चार-सहा दिवसांनी, हात पुसता पुसता तिचा एक प्रश्न ठरलेला असे: “तिथून आपण दिसत असू का रे?”

मी शाळेत भूगोल शिकल्यावर तिला ऐटीत सांगितलं होतं, की नाही. अंतर फार आहे. “तू गेला होतास?” तिनं विचारलं. नव्हतो गेलो. तेव्हा माझा भूगोल तिथंच संपला.

त्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला आणि डाव्यात उतरू लागला. वैद्यबुवांनी मधाचे थेंब दिले, मग पळीभर धीर दिला. तांदळातले खडे ती आता बोटांनी काढायला शिकली होती. एके दिवशी ती मागच्या दारात उभी होती, आणि मी पाहिलं, की ती माहुलीच्या थोडी डावीकडे, नुसत्या आभाळाकडे बघत होती. मला म्हणाली, “आज ढग आहेत ना फार?” आभाळ स्वच्छ होतं. त्याच रात्री जेवणं झाल्यावर तिनं तात्यांना सांगितलं, की गडावरच्या महादेवाला तिचा जुना नवस आहे आणि तो डोळा आहे तोवर फेडायचा आहे. तात्या देवभोळे. नवसापुढे ते काही बोलत नसत. सोबतीला कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा घरात पूर्ण रिकामा असा एकच पुरुष होता. मॅट्रिकचा निकाल माझ्या बाजूनं लागला नव्हता.

दिवस मात्र मी निवडला, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. पंचांग मांडीवर घेऊन मी तिला कार्तिकातले एकाहून एक चांगले दिवस काढून दाखवले. सोमवार दाखवला, तो तिनं मोडला. प्रदोष दाखवला, तोही मोडला. “अजून नको,” एवढंच म्हणे. माझी बायको तेव्हा नुकतीच नांदायला आली होती. ठाण्याजवळच्या बाळकुमची, खाडीकाठची मुलगी. दोघी ओटीच्या आडोशाला बसून बोटांवर काहीतरी मोजत आणि मी आलो की गप्प होत. शेवटी आत्यानं मला पौर्णिमेनंतरचा एक अगदी सुमार दिवस सांगितला. मी पंचांगात डोकं घालून त्याला कसाबसा एक बरा योग शोधून दिला आणि तात्यांपुढे तो माझा म्हणून मांडला.

वाशिंदहून बैलगाडीनं पायथ्याच्या गावात गेलो. तिथं चांगो नावाचा ठाकूर आम्हांला वाट दाखवायला मिळाला. भरल्या अंगाचा, पान खाणारा, बोलका माणूस. गड चढायचा त्याला मनापासून कंटाळा होता आणि तो लपवायचा तो प्रयत्नही करत नसे. “आजीला कशाला नेतंस वर?” त्यानं मला विचारलं. “वर काय हाय? दगडं हायत. दगडं इथं बी हायत.” पण त्याच्या बायकोनं आत्याकडे पाहिलं, आत गेली, आणि टोपलीभर कच्ची रताळी आणून, हात न लागेल अशा बेतानं आत्यापुढे ठेवली. “इस्तवात भाजून खा, आय. त्याला सोवळं लागत न्हाय.” आत्यानं त्यातलं एक उचलून हुंगलं आणि तिचं तोंड उजळलं. उपासाला रताळं चालतं, आणि विस्तवापुढे विटाळ टिकत नाही, असा निकाल तिनं तिथल्या तिथं दिला.

चढण मी सांगण्यासारखी चढलो नाही. पहिल्या टप्प्यात कारवीच्या काठ्यांचं रान होतं. त्यात निदान धरायला काहीतरी होतं. वर कातळ लागला आणि डाव्या हाताला जमीनच संपली. मी बसलो. नंतर बसल्या बसल्याच सरकू लागलो. धोतराच्या मागच्या भागाचं काय झालं ते इथं लिहीत नाही. आत्या अनवाणी, आलवणाचा पदर कमरेला खोचून, चांगोच्या काठीचं एक टोक धरून सरळ चालत होती. मी विचारलं, “आत्या, तुला भीती नाही वाटत?”

“कसली?”

“दरीची.”

“दरी आहे होय?” ती म्हणाली. “बरं झालं सांगितलंस. मला आपलं वाटलं, पांढरं पांढरं काही पसरलंय.”

चांगो हसता हसता ठसकला. मी आणखी थोडा सरकलो.

वर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पडक्या दरवाज्यापाशी पहारेकऱ्यांची दगडी देवडी होती, तिथं बिऱ्हाड केलं. जवळ टाकं, टाक्यात पाणी इतकं गार की दात कळवळत. चांगोनं जाळ केला, रताळी राखेत पुरली, आणि तो गोड, किंचित करपलेला वास दगडांतून फिरू लागला. खाली रानात वानरं हुपहुपत होती. आम्ही तटाच्या कडेला गेलो आणि समोर तीन सुळके आले. माणसानं काहीतरी बोलत असताना मध्येच थांबावं, तसे ते आभाळात थांबलेले होते. इतका उंच, इतका उघडा दगड मी कधी पाहिला नव्हता. माझी मान वर गेली आणि तशीच राहिली. घरी मागच्या दारातून आम्ही ज्याला ‘माहुलीचे दात’ म्हणत आलो, ज्यांच्यावर मी लहानपणी बोट धरून एक डोळा मिटत असे आणि ते बोटाआड लपत, ते हे. माझं बोट किती लहान होतं, हे मला तेव्हा कळलं. बाकी मी किती लहान होतो, ते कळायला आणखी पुष्कळ वर्षं लागली.

“त्यो नवरा,” चांगोनं दाखवलं, “ती नवरी. आन मधी भट. लगीन लावतानाच दगूड झाली समदी.”

आत्याला ते सुळके सावलीसारखे दिसत असणार. तिनं थोडा वेळ पाहिलं. “मधे भट शिरला की व्हायचाच दगड,” ती म्हणाली, आणि देवडीकडे रताळ्याच्या वासानं परत फिरली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनंच मला उठवलं. महादेवाला पाणी घालून झालं होतं. नैर्ऋत्येचा तट शोधून, ज्या बाजूला कल्याण असायला हवं त्या बाजूला तोंड करून ती बसली. मी शेजारी जाऊन उभा राहिलो आणि माझ्या पायाखालचं जग नाहीसं झालेलं होतं. सगळं धुकं. खाली गाव नाही, नदी नाही, शेत नाही. लोण्यासारखं पांढरं, शिगोशीग भरलेलं, क्षितिजापर्यंत. त्यातून दक्षिणेला मलंगाचा माथा बेटासारखा वर आलेला. मागे सूर्य उगवला, तशी आम्ही ज्याच्यावर उभे होतो त्या डोंगराची सावली त्या पांढऱ्यावर पडली: निळी, टोकदार, समुद्राकडे मैलोन्‌मैल लांबलेली. त्या सावलीच्या टोकावर कुठंतरी आम्ही दोघंही असणार. आज मी गप्प बसलो असं घरात कोणी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही, पण त्या सकाळी बसलो होतो. आत्यानं विचारलं, “घर?” मी म्हटलं, धुकं आहे. “जाईल,” ती म्हणाली. ऊन तापलं, धुकं विरलं, पण खाली एक धुरकट पडदा तसाच राहिला. काहीही ओळखू येईना. दुपारपर्यंत ती तिथून हलली नाही.

ठरल्याप्रमाणे त्या दिवशी उतरायचं होतं. लाह्या संपल्या होत्या. चांगोला घरी भात झोडपायचा होता, आणि तो दर थोड्या वेळानं बिबट्याचा विषय काढत होता. मी समजावलं, की आत्या, नवस फिटला, महादेव झाला, आता चल. “नवस नव्हताच,” ती म्हणाली. सबंध आयुष्यात ती खोटं बोललेली मला माहीत नव्हती, आणि एकदाच बोलली ती देवाच्या नावावर. “हा डोळा पुढल्या दिवाळीला राहत नाही, दामू. मला कळतंय ना आतून. उद्या सकाळी आणखी एकदा बघू. नाही दिसलं तर नाही. मग मी कधी विचारायची नाही तुला.” तिनं फार साधेपणानं सांगितलं. तो प्रश्न ती यापुढे विचारणार नाही, ही कल्पनाच मला सहन होईना. मी चांगोला माझे नवे जोडे देऊन आणखी एका रात्रीपुरतं थांबवलं. ते त्याला लहान होत होते, तरी त्यानं घेतले, गळ्यात अडकवले आणि बिबट्याचा विषय बंद केला.

रात्री वारा सुटला. सकाळी पाहतो तर धुकं नाही, पडदा नाही. कोणीतरी सारवून काढल्यासारखा मुलूख खाली पसरलेला. पूर्वेला सह्याद्रीची भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, इतकी मोठी की नजर तिच्यावरून चालत गेली तर थकावी. खाली भातसा, पलीकडे काळू, दोन्ही चांदीच्या तारेसारख्या वळत वळत उल्हासला जाऊन मिळणाऱ्या. त्याच्या पलीकडे पारसिकचा डोंगर, आणि सगळ्यांत शेवटी, आभाळाच्या कडेला, एक फिकट चकाकती रेघ. तो समुद्र होता. घरापासून समुद्रापर्यंत इतकंच होतं, आणि इतकं सगळं होतं.

“सांग,” आत्या म्हणाली. “मला नुसतं हिरवं-पिवळं दिसतंय.”

मी सांगू लागलो. नदी इथून येते, असं वळते. हे वळण आपलं. तिथं झाडी आहे. झाडीवर धूर आहे.

“तेच कल्याण?”

“तेच.”

“आणि घर?”

मी डोळे ताणले. पाणी येईपर्यंत ताणले. घर कुठलं, सबंध कल्याण माझ्या नखाएवढं होतं. भूगोल खरा ठरला होता. आत्या माझ्याकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या त्या दुधी डोळ्यापुढे मला काहीही लपवता येईना. हो, दिसतं, असं म्हणून टाकायचं मी ठरवलं. तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात त्या नखाएवढ्या झाडीच्या अलीकडच्या कडेला एक टाचणीचं टोक चमकलं. विझलं. पुन्हा चमकलं. मी म्हटलं, तळ्याचं पाणी असेल. पण पाणी असं चमकत नाही. तीनदा चमकून ते थांबे. मग पुन्हा तीनदा. एवढ्या अफाट मुलखात, जिथं गावंच्या गावं दिसत नव्हती, तिथं कोणीतरी आम्हांलाच हाका मारत होतं.

“आत्या,” मी कसंबसं म्हटलं, “तिथं काहीतरी…”

ती कधीच उभी राहिली होती. “केवढं रे,” ती हळू म्हणाली. “केवढं मोठं फूल!” माझ्या धडधाकट डोळ्यांना जी टाचणी होती, ती तिच्या मोतीबिंदूत शिरून फुटली होती, पाकळ्या पाकळ्या झाली होती. तिला माझ्यापेक्षा मोठं दिसलं, माझ्याआधी दिसलं असावं, आणि मला अजून वाटतं, की माझ्यापेक्षा खरं दिसलं. तिनं पाण्याचा पितळी तांब्या उचलून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि हलवू लागली. सूर्य पाठीमागे होता, तांब्या खाली कोणाला दिसणं शक्य नव्हतं. तरी तिचे हात दुखेपर्यंत ती तो हलवत राहिली. चांगो मागं येऊन उभा होता. “कोन त्ये?” त्यानं विचारलं.

“माझी सून आहे,” आत्या म्हणाली. “आमच्या मागच्या दारात उभी आहे.”

मग तांब्या खाली ठेवून ती तटावर बसली, डोळे पुसले, आणि बरंच काही बोलेल असं मला वाटत असताना एवढंच म्हणाली, “दिसतो रे आपण. चल आता.”

उतरताना मी तिला हजार प्रश्न विचारले. मला आधी का नाही सांगितलं, हा पहिला. “तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का?” हे त्याचं उत्तर. बाकीच्यांचं उत्तर मिळालं नाही. पुढल्या पावसाळ्याच्या आत तिचा डावा डोळाही गेला. त्यानंतर पुष्कळ वर्षं ती जगली. मागच्या दारात उभी राहून हात पुसायची सवय गेली नाही, पण तो प्रश्न तिनं पुन्हा कधी विचारला नाही. आणि नातवंडांपैकी कोणी विचारला, तर ती अशा खात्रीनं ‘हो’ म्हणे, की भूगोलाच्या कोणा मास्तरची ‘नाही’ म्हणायची छाती झाली नसती.

आम्ही घरी पोचलो ते तिन्हीसांजेच्या सुमारास. आत्या पुढं तात्यांना महादेवाचा अंगारा देत होती. मी तडक परसात गेलो. माझी बायको मागच्या पडवीत, गोणपाटावर, वेगळं ताट-तांब्या घेऊन बसली होती. बाजूला बसायचे तिचे दिवस होते. मी विहिरीपाशीच थांबलो. त्या दिवसांत तिच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नसे, तिला काम सांगत नसे, ती परसात काय करते हे बघायला कोणी येत नसे. सबंध वर्षात घरच्या सुनेला एवढी मोकळीक दुसरी कुठली मिळत नव्हती. मग माझ्या डोक्यात ओटीच्या आडोशाला मोजली जाणारी बोटं आली, माझे मोडलेले सोमवार आणि प्रदोष आले, आणि तो सुमार दिवस आला, ज्याला मी पंचांगात इतक्या कष्टानं योग शोधला होता.

“दोन्ही दिवस धरलास?” मी विचारलं.

“दोन्ही. काल धुकं होतं, तरी धरला. वर तुम्हांलाही असेलच असं थोडंच.” बाळकुमला असताना ती भावाच्या होडीला काचेचा तुकडा दाखवून जेवायला बोलवत असे, हेही मला तेव्हाच कळलं. “आत्यांना दिसला?”

“फुलासारखा, म्हणाली.”

तिनं मान खाली घातली. गोणपाटाखालून माझा आरसा काढला आणि मला उचलता यावा म्हणून जमिनीवर माझ्या बाजूला सरकवला, पालथा. मला एकदम आठवलं, की बाजूला बसलेल्या बाईनं आरशात बघायचं नसतं, आणि आईला हे कळलं असतं तर घरात काय झालं असतं. मी दबक्या आवाजात म्हटलं, “अगं, पण या दिवसांत आरसा?”

“मी कुठं बघितलं त्यात?” ती म्हणाली. “मी तो डोंगराला दाखवला.”